घरात मासे आहेत का?

चांदूर बाजारात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, पंप, पाइप असं सगळं. दुकानाच्या मागच्या खोलीत हिरव्या रबरी हातमोज्यांचा एक गठ्ठा कायम पडलेला असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. तेव्हापासून बाबा औषधाची बाटली हातात देताना प्रत्येकाला सांगतात, "मोजे घेऊन जा जी. उघड्या हातानं फवारू नका."

आणि हेच बाबा दर रविवारी सकाळी बाही कोपराच्या वर सरकवून उघडा हात फिश टँकमध्ये घालायचे. समोरच्या खोलीतला आमचा तीन फुटी टँक, त्यात गोल्डफिश आणि काळ्या मॉली. जुन्या एटीएम कार्डानं काचेवरचं शेवाळ खरवडायचं, तळाच्या खड्यांमधली घाण हातानं ढवळायची, पाइप तोंडानं ओढून पाणी बादलीत सोडायचं. मी एकदा म्हटलं, "बाबा, मोजे घाला ना. दुकानात ढीग पडलाय." ते म्हणाले, "काहून बे? मासे हायेत ते, मोनोक्रोटोफॉस नाही."

हा लेख त्या न घातलेल्या हातमोज्यांबद्दल आहे.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर लालसर-जांभळी गाठ आली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. फारशी दुखत नव्हती. आधी वाटलं काहीतरी चावलं, मग वाटलं चामखीळ. मलम झालं. पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या झाल्या, मग वेगळ्या गोळ्या झाल्या. खाज, नायटा, पुरळ सगळ्यावर लावतात ते पांढरं क्रीमही झालं. गाठ तेवढ्यापुरती फिकी पडायची आणि पुन्हा वर यायची. तिसऱ्या महिन्यात मनगटाच्या वर दुसरी गाठ आली, मग कोपराच्या अलीकडे तिसरी. तिन्ही एका रेषेत, कोणी ठिपके देत वर गेल्यासारख्या.

एक दिवस आईच्या लक्षात आलं की बाबा जेवणानंतर आपलं ताट स्वतःच घासून वेगळं ठेवतात. चहाचा कपही वेगळा. घरात कोणी काही बोललं नव्हतं. पण दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं त्यांचा हात पाहून विचारलं होतं, "भाऊ, कोठाऱ्याले दाखवलं काय?"

कोठारा म्हणजे परतवाड्याजवळचं गाव. तिथं मिशनचं कुष्ठरोग्यांचं जुनं हॉस्पिटल आहे. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ते गाव या एकाच कारणानं आठवतं. त्यामुळे त्या प्रश्नाचा अर्थ बाबांना लगेच कळला होता.

शेवटी आम्ही त्यांना अमरावतीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या. हात उलटसुलट करून पाहिला, गाठींवर बोट फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं संवेदना तपासली आणि विचारलं, "काका, घरात मासे आहेत का?"

बाबा जरा ताठ झाले. "आमी माळकरी हावो, बाई. मासे खात नाही."

"खायचे नाही हो. पाळलेले."

चार महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. त्या एका प्रश्नामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे मला परतीच्या एसटीत फोनवर शोधताना कळायला लागलं. तोच इथं मांडतो.

काचेमागचं पाणी

मासे पाळणं जुनं आहे. चीनमध्ये गोल्डफिश शेकडो वर्षं पाळले जात होते, पण बहुतेक तळ्यांत आणि चिनीमातीच्या कुंड्यांत. माशांकडे वरून बघायचं. काचेतून, समोरून, घरात बसून मासा बघणं ही गोष्ट जेमतेम दोनशे वर्षांची.

१८३२ मध्ये जान व्हिल्प्रे-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीत समुद्री जिवांचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या टाक्या बनवल्या. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दाखवलं की टाकीत पाणवनस्पती आणि मासे योग्य प्रमाणात ठेवले तर रोज पाणी बदलावं लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

आपल्याकडे हा शब्द लोकांपर्यंत पोचवण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. मरीन ड्राइव्हवर ते १९५१ मध्ये सुरू झालं. मुंबईची सहल म्हणजे राणीचा बाग आणि तारापोरवाला, असं कित्येक वर्षं चाललं. बाबांनीही शाळेच्या सहलीत ते पाहिलं होतं. आमच्या घरातला टँक हा त्या सहलीचाच उशिरा आलेला परिणाम, असं आई म्हणते.

काचेच्या टाकीनं एक नवीन कामही घरात आणलं. तळं कोणी घासत नाही, टाकी मात्र घासावी लागते. घासायचं म्हणजे साचलेल्या, कोमट पाण्यात हात घालायचा. खडे, काचेच्या कडा, शोभेचे दगड, माशांचे काटे यांच्यावर बोटं खरचटतात. ओरखडा इतका बारीक असतो की आपल्या लक्षातही येत नाही.

मासे, पोरं आणि हात

१९२६ मध्ये अमेरिकेत जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांच्या शरीरात एक जिवाणू शोधला. तो क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला होता. समुद्राच्या माशांत सापडला म्हणून त्याला नाव मिळालं मायकोबॅक्टेरियम मरिनम. तेव्हा हा माशांचा आजार समजला गेला. माणसाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

पुढे पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९५१ मध्येच, जेव्हा मरीन ड्राइव्हवर लोक तारापोरवालासाठी रांगा लावत होते, तेव्हा स्वीडनमधले नॉर्डेन आणि लिनेल हे दोन डॉक्टर एका विचित्र साथीबद्दल लिहीत होते. ओरेब्रो गावातल्या जलतरण तलावात पोहणाऱ्या पोरांच्या कोपरांवर न भरणाऱ्या जखमा येत होत्या. तलावाच्या खरखरीत भिंतीवर कोपर घासायचं आणि काही आठवड्यांनी तिथं गाठ उठायची. त्यांनी जखमेतून जिवाणू वेगळा केला आणि स्नानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'बाल्नेई' नाव दिलं. अमेरिकेतही असेच रुग्ण सापडले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात अशा २९० रुग्णांची नोंद आहे.

पुढे तपासण्यांत कळलं की स्वीडनचा 'नवा' जिवाणू आणि फिलाडेल्फियाच्या माशांतला जुना जिवाणू एकच आहेत. जुनं नाव टिकलं.

मधल्या काळात, १९६२ मध्ये, स्विफ्ट आणि कोहेन या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नवीच गोष्ट मांडली. त्यांचे रुग्ण तलावावर गेलेच नव्हते. फिश टँक साफ करताना त्यांचा हात खरचटला होता. आज या आजाराला डॉक्टर 'फिश टँक ग्रॅन्युलोमा' म्हणतात. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं न मरणाऱ्या जिवाणूभोवती पेशींचा वेढा घालून तयार केलेली गाठ.

मग तलावातल्या रोगाचा टँकमधला रोग का झाला? जलतरण तलावांची देखभाल सुधारली, क्लोरीन नीट पडायला लागलं, आणि तिथले रुग्ण कमी झाले. फिश टँकमध्ये आपण बरोबर उलट करतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मासे मरतात, म्हणून ते घालवायला बाटलीतले थेंब टाकतो किंवा पाणी दोन दिवस उघडं ठेवतो. माशासाठी सुरक्षित केलेलं पाणी या जिवाणूसाठीही सुरक्षित होतं. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर जो बुळबुळीत थर बसतो त्यात तो महिनोन् महिने राहतो. मासे ठणठणीत दिसत असले तरी तो पाण्यात असू शकतो.

सुरुवातीला मासे, मग पोहणारी पोरं, आणि शेवटी टँक घासणारे हात. या तिसऱ्या टप्प्यावर हातमोजा येतो.

३७ अंशांचा घोटाळा

डॉक्टरबाईंनी गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. सोबतच्या कागदावर त्यांनी एक ओळ जास्तीची लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या: ३० अंशांवरही वाढवून पाहावे.

ही ओळ का महत्त्वाची होती ते ऐका. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणून रोगजंतू वाढवायच्या पेट्या सहसा त्याच तापमानाला ठेवतात. क्षयाचा जिवाणू तिथं वाढतो. मरिनम मात्र थंड रक्ताच्या माशांत राहायला सरावलेला. त्याला ३० ते ३३ अंश मानवतात, ३७ ला तो नीट वाढत नाही. प्रयोगशाळेला कोणी सांगितलंच नाही तर नमुना ३७ ला ठेवला जातो, काही उगवत नाही, आणि अहवाल येतो: जंतू आढळले नाहीत. रोग हातावर दिसत असतो आणि कागदावर नसतो.

तो हातावरच का थांबतो, याचंही उत्तर यातच आहे. बोटं आणि हात शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतात. सहसा हा जिवाणू त्या थंड भागातच राहतो, आणि त्वचेखालच्या लसिकावाहिन्यांच्या वाटेनं बोटाकडून कोपराकडे गाठींची रांग लावत जातो. बाबांच्या हातावरची सरळ रेष ती हीच.

प्रयोगशाळेत त्याची आणखी एक ओळख पटते. अंधारात वाढवला तर त्याची वसाहत फिकी, मळकट पांढरी असते. उजेडात आणली की ती पिवळी होते.

आता त्याचे नातेवाईक. क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला. कुष्ठरोगाचा जिवाणू त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या आर्मावर हॅन्सन यांनी पाहिला. मरिनम याच कुळातला. जनुकांच्या पातळीवर तो क्षयाच्या जिवाणूच्या फार जवळचा आहे. इतका, की बडोद्याला डॉक्टरकी शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी क्षयाचं कोडं सोडवायला हाच जिवाणू निवडला. झेब्रा दानिओची पिल्लं पारदर्शक असतात. त्यांना मरिनमची लागण करून जिवंत शरीरात गाठ कशी बनते ते त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यातून कळलं की शरीर जो वेढा संरक्षणासाठी घालतं, त्याचाच वापर जिवाणू सुरुवातीच्या काळात पसरण्यासाठी करतो. हा झेब्रा दानिओ आपल्याच देशातल्या नद्यांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं होतं. आज तो फिश टँकच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या माशांपैकी एक आहे.

कुष्ठरोगाच्या जिवाणूशी मरिनमचं साम्य वेगळं आहे. त्यालाही थंड जागा आवडते. म्हणून कुष्ठरोग कानाच्या पाळीवर, नाकावर, हातापायांवर दिसतो. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या काचेत आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, कारण तळपाय थंड असतो.

म्हणजे दुकानातल्या त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची शंका अगदीच वेडगळ नव्हती. त्याला कुळ बरोबर सापडलं होतं, माणूस चुकला होता.

कोठाऱ्याचा रस्ता

आमच्या भागाला या कुळाचा अनुभव मोठा आहे. कोठाऱ्याचं हॉस्पिटल आहेच. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभं केलेलं तपोवन आहे. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढलं जायचं त्या काळात तिथं त्यांना घर मिळालं, काम मिळालं. गाडगेबाबांचं नागरवाडी तर आमच्याच तालुक्यातलं. हातात खराटा घेऊन लोकांची घाण काढणारा हा माणूस २० डिसेंबर १९५६ ला गेला तो अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ. या सगळ्या माणसांमुळे वऱ्हाडात उघड्या हाताला मान आहे. जो शिवतो तो आपला, जो दुरून देतो तो परका.

औषधं सुरू झाल्यावर एका रात्री मी बाबांना पुन्हा विचारलं, इतक्या वेळा सांगूनही मोजे का घातले नाहीत? मला वाटलं होतं, आळस म्हणतील. ते म्हणाले, "गावाच्या कडेले एक मानूस राहे. बोटं झडलेला. लोक त्याले काठीनं भाकर सरकवत. माहा बाप त्याच्या हातात देये. मोजे घातले की मले ते काठीवाले लोक आठवते."

मी गप्प बसलो. घरातल्या माशांना हात लावायला मोजा म्हणजे त्यांच्या लेखी किळस होती. आणि ज्या माणसाला किळसेचा इतका तिटकारा, त्यानंच चार महिने आपलं ताट वेगळं ठेवलं होतं.

त्यात वाईट वाटण्यासारखं हे, की त्याची गरजच नव्हती. फिश टँकचा हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. ताटानं नाही, कपानं नाही, शिवण्यानं नाही. कुष्ठरोगावरसुद्धा १९८० च्या दशकापासून अनेक औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती आहे. उपचार सुरू झाले की थोड्याच काळात रुग्णाकडून लागण होण्याची भीती उरत नाही.

आणखी एक गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते. कुष्ठरोगात बोटं झडतात का, हा प्रश्न त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हाती घेतला. तोवर समज असा की रोग बोटं खातो. ब्रँड यांनी दाखवलं की रोग नसा मारतो, वेदना जाते. मग माणूस उकळतं भांडं धरतो, काट्यात हात घालतो, जखमेवर काम करत राहतो आणि त्याला कळत नाही. बोटं जातात ती या जखमांनी. म्हणून अशा रुग्णांना औषधाइतकंच हाताची राखण करायला शिकवलं जातं: चुलीवरचं भांडं फडक्यानं धरा, मोजे घाला, रोज रात्री हात तपासा.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे त्या मानसाले कोणी मोजे देल्ले असते तं बोटं वाचली असती."

एका नर्सचे हात

रबरी हातमोज्याचा जन्मही एका हाताच्या राखणीतूनच झाला. १८८९ च्या सुमाराची गोष्ट. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात विल्यम हाल्स्टेड हे सर्जन होते, आणि त्यांच्या शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य नर्स होत्या कॅरोलाइन हॅम्प्टन. जंतू मारण्यासाठी तेव्हा हात पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवत. त्या पाण्यानं हॅम्प्टनबाईंचे हात सोलून निघाले. त्या काम सोडायच्या बेताला आल्या. हाल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे हातमोजे बनवायला सांगितले. मोजे बरे निघाले, मग आणखी मागवले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं.

या गोष्टीतलं लग्न सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तो मोजा रुग्णाला जंतू लागू नयेत म्हणून नव्हता, नर्सला रुग्णाची किळस येत होती म्हणून तर मुळीच नव्हता. काम करणाऱ्या बाईचे हात वाचावेत म्हणून होता. रुग्णाचाही त्यात फायदा आहे हे नंतर कळलं. हाल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९६ पासून शस्त्रक्रियेत नेमानं हातमोजे वापरले आणि १८९९ मध्ये लिहिलं की त्यामुळे जखमा पिकण्याचं प्रमाण एकदम उतरलं.

शस्त्रक्रियागृहातून हातमोजा बाहेर आला, पण सगळ्या हातांपर्यंत सारख्या वेगानं पोचला नाही. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला संरक्षक साधनं दिल्याशिवाय उतरवू नये, हे भारतात कायद्यानं स्पष्ट व्हायला २०१३ साल उजाडलं, आणि त्यानंतरही माणसं उघड्या हातांनी उतरत राहिली. यवतमाळच्या फवारणी करणाऱ्यांच्या हातात २०१७ मध्ये मोजे नव्हते. त्यांच्यासाठी मोजा हा पैशाचा, मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न होता. आमच्या घरी ना पैशाची अडचण होती, ना मालकाची. मोजे पंधरा पावलांवर पडलेले होते. म्हणून मला आमची चूक जास्त लागते.

रविवार

अहवाल यायला तीन आठवडे लागले. ३० अंशांच्या पेटीत वसाहत उगवली होती आणि उजेडात पिवळी झाली होती. नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग का झाला नव्हता तेही तेव्हा कळलं: पेनिसिलिनसारख्या औषधांना हा दाद देत नाही, आणि क्षयाच्या ठरलेल्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांनाही नाही. बाबांना क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्बुटॉल सुरू झालं. गाठी बसायला तीन महिने लागले, त्यानंतर आणखी दोन महिने गोळ्या चालू राहिल्या. मधलं बोट आजही पूर्ण मिटत नाही. पावत्या लिहिताना ते पेन जरा वेगळं धरतात.

मासे द्यायचे का, यावर घरात चर्चा झाली. डॉक्टरबाईच म्हणाल्या, "मासे ठेवा, हात सांभाळा." हा आजार मुळात विरळ आहे. लाखो घरांत टँक असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण झाला तर ओळखायला उशीर होतो, कारण विचारणाऱ्याला विचारायचं सुचत नाही आणि सांगणाऱ्याला सांगायचं.

म्हणून आता आमच्याकडे असं चालतं. हातमोजा कोपरापर्यंतचा. मनगटापर्यंतच्या मोज्यात वरून पाणी शिरतं आणि मग तो असून नसल्यासारखा. दवाखान्यात वापरतात तो पातळ मोजा खड्यांवर फाटतो, त्यामुळे जाड रबरी, आणि दर वेळी पाणी भरून गळतो का ते पाहायचं. टँकचा मोजा टँकसाठीच, कारण दुकानातल्या मोज्याला औषधाचा हात लागलेला असेल तर मासे मरतील. हाताला चीर, ओरखडा, फुटलेलं नख असेल तर त्या रविवारी टँक दुसऱ्यानं धुवायचा. पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचं बटन बंद. पाइप तोंडानं ओढायचा नाही, त्यासाठी हातानं दाबायचा पंप मिळतो. फिल्टरचा स्पंज स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. शेवटी मोजा काढून वाहत्या पाण्याखाली साबणानं हात.

आणि तुमच्या घरी टँक असेल, हातावरची एखादी गाठ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा: आमच्या घरी मासे आहेत. घरात मासे विकणारं, कापणारं कोणी असेल तर तेही सांगा. गाठ अमुक दिवसांनी उठली, त्याआधी टँक धुतला होता, असं आठवून सांगा. लागण आणि गाठ यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं, म्हणून दोन्हींचा संबंध आपल्यालाही चटकन लागत नाही.

बाबांचे मोजे आता टँकच्या शेजारी खिळ्याला टांगलेले असतात. पहिल्या रविवारी ते घालून त्यांनी पाण्यात हात घातला तेव्हा मोठा गोल्डफिश नेहमीसारखा जवळ आला, हिरव्या बोटाला तोंड लावून पाहिलं आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो तिथंच घुटमळत राहिला.

"पाय," बाबा आईला म्हणाले, "ओळखलं त्यानं."

दुपारी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक फवारणीचं औषध न्यायला आलं होतं. बाबांनी बाटली काढली, मागच्या खोलीतून मोज्यांचा जोड आणला आणि या वेळी नुसतं सांगितलं नाही. आपलं न मिटणारं बोट त्याच्यापुढे धरलं.